चकचकीत केलं म्हणजे वाचवलं? जर्मन फौजेची चामडी शिरस्त्राणं आणि हातानं करायची डागडुजी

यूट्यूबवर एका प्रकारचे व्हिडिओ हल्ली तुफान चालतात. गंजलेली सुरी, मोडकं घड्याळ किंवा चेपलेला कंदील समोर येतो. तोंड न दाखवणारा कुणीतरी तो घासतो, ठोकतो, रंगवतो, आणि वीस मिनिटांत वस्तू दुकानातून आत्ताच आणल्यासारखी दिसू लागते. याच रांगेत अधूनमधून पहिल्या महायुद्धातलं जर्मन शिरस्त्राणही येतं. काळं, चामड्याचं, पुढे पितळी गरुड आणि डोक्यावर ते प्रसिद्ध टोक. सुरुवातीला ते चेपलेलं असतं, झालर, म्हणजे डोळ्यांवर येणारी पुढची कड, उसवलेली असते, पितळ हिरवं पडलेलं असतं. शेवटी त्यात आपला चेहरा दिसेल इतकं ते चमकतं. बघणारे वाहवा करतात. संग्रहालयात काम करणारे मात्र कपाळाला हात लावतात आणि म्हणतात, "घालवलं की हो!"

सामान्य माणसाला यात कोडं पडणं साहजिक आहे. तुटकं होतं ते नीट केलं, मग घालवलं काय?

उत्तर त्या टोपीच्या पोटात आहे. चामडं, रोगण, पितळ, लोखंड आणि दोरा अशा पाच वस्तू तिथे शंभर-सव्वाशे वर्षं एकत्र नांदत आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही.

आधी टोपीची ओळख

प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याने १८४२ साली हे शिरस्त्राण आपल्या फौजेला दिलं. जर्मनीत त्याला पिकेलहाउबे म्हणतात. वरून आलेला तलवारीचा वार टोकावरून घसरून बाजूला जावा, ही त्यामागची कल्पना. पहिला नमुना चांगलाच उंच होता, पुढच्या प्रत्येक नमुन्यात तो बुटका होत गेला. तोफखान्याच्या शिपायांना टोकाऐवजी गोळा मिळाला. टोकाच्या मानेला बारीक भोकं असत, डोक्याला वारा लागावा म्हणून. हळूहळू इतर जर्मन राज्यांनीही ही टोपी उचलली. सगळ्यात जास्त ताणून धरलं ते बव्हेरियाने. तिथे ती १८८६ साली आली.

कपाळावरचा पत्रा पाहिला की टोपी कोणत्या राज्याची ते कळतं. प्रशियाचा गरुड, बव्हेरियाचे सिंह, सॅक्सनीचा तारा. १८९७ पासून दोन्ही कानांपाशी एकेक गोल बिल्ला आला, उजवीकडे साम्राज्याचा आणि डावीकडे त्या त्या राज्याचा. हे तपशील नुसते शोभेचे नाहीत, डागडुजीच्या वेळी त्यांच्यावरून बरंच काही ठरतं. ते पुढे येईलच.

महायुद्ध सुरू झालं आणि चामड्याची चणचण झाली. जर्मनीत बरंचसं कातडं दक्षिण अमेरिकेतून येई, आणि ब्रिटिश नाकेबंदीने ती वाट बंद झाली. मग नमदा (लोकर दाबून केलेलं जाड कापड), पत्रा, अगदी कागदाचा लगदासुद्धा वापरून टोप्या निघाल्या. १९१५ च्या नमुन्याचं टोक काढून ठेवता येई, कारण खंदकाच्या वर दिसणारं टोक म्हणजे शत्रूच्या नेमबाजाला आमंत्रण. तोफगोळ्याच्या कपच्यांपुढे चामड्याचं काही चालत नव्हतं. १९१६ मध्ये हॅनोव्हरच्या फ्रीडरिश श्वेर्ड यांनी आखलेलं पोलादी शिरस्त्राण आलं आणि चामड्याची टोपी आघाडीवरून मागे गेली.

एक गोष्ट लक्षात असू द्या. साध्या शिपायाची टोपी म्हणजे ठेक्यावर बनलेला सरकारी माल. ती काही वर्षं टिकली की काम झालं, असा हिशेब होता. शंभर वर्षांचा विचार बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हता.

चामडं कडक कसं झालं

जनावराचं ओलं कातडं तसंच ठेवलं तर कुजतं. झाडांच्या सालीत आणि फळांत एक तुरट द्रव्य असतं, त्याला टॅनिन म्हणतात. ते कातड्यातल्या तंतूंना धरून बसतं आणि कुजणं थांबवतं. यालाच आपण कातडं कमावणं म्हणतो. जर्मनीत यासाठी ओकची साल वापरण्याची जुनी रीत होती. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा. आपला हिरडा परदेशातही जात असे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातून तो भरपूर बाहेर जाई, आणि युरोपच्या चामडे बाजारात त्याची एक प्रत चक्क वेंगुर्ल्याच्या नावाने विकली जाई.

साल घालून कमावलेल्या चामड्याचा एक गुण असा की ओलं असताना ते वळेल तसं वळतं, आणि ओलेपणीच उष्णता दिली तर आतले तंतू आक्रसून घट्ट होतात. पावसात चिंब झालेली कोल्हापुरी चुलीपाशी वाळवली की ती कशी आकसते, वाकडी होते आणि लाकडासारखी टणक बनते, ते आठवा. तिथे जो अपघात होतो, तोच इथे मुद्दाम, साच्यावर बसवून केला जाई. म्हणून टोपी पातळ असूनही ताठ उभी राहते.

या तंतूंच्या आक्रसण्याला एक ठरावीक तापमान लागतं. साल घालून कमावलेलं ताजं चामडं साधारण ७० ते ८५ अंशांवर आक्रसतं. जुनं, झिजलेलं चामडं मात्र त्याच्या कितीतरी खाली आक्रसू शकतं. त्यामुळे "कोमट पाण्यात भिजवून आकार द्या" हा इंटरनेटवरचा सल्ला ऐकायला निरुपद्रवी वाटला, तरी शंभर वर्षांच्या टोपीला तो भारी पडू शकतो. नव्या चामड्यासाठी कोमट असलेलं पाणी जुन्यासाठी उकळतं ठरतं.

कडक झालेल्या चामड्यावर काळ्या रोगणाचे थर चढवलेले असतात. हवेतल्या ओलाव्याप्रमाणे चामडं फुगतं, आक्रसतं. रोगणाला म्हातारपणी ते जमत नाही, म्हणून त्यावर बारीक भेगांची जाळी पडते. ही जाळी पुष्कळांना खराबी वाटते. माझ्या मते तो त्या वस्तूचा जन्मदाखला आहे. खोटी टोपी बनवणाऱ्याला ती हुबेहूब जमवणं फार जड जातं.

लाल भुकटी: जिथे हात टेकावे लागतात

टोपीच्या आत, जिथे रोगण नाही अशा जागी पांढरा सुती कपडा हलकेच फिरवा. त्यावर विटकरी भुकटी आली तर समजा रेड रॉट लागलाय.

हा कुजण्याचा प्रकार नव्हे, आम्लाचा आहे. कोळशाच्या धुरात, जुन्या काळच्या गॅसच्या दिव्यांच्या धुरात गंधकाचे वायू असतात. चामडं ते शोषून घेतं, आत गंधकाम्ल तयार होतं आणि तंतू तुटू लागतात. पुस्तकांच्या चामडी बांधण्या अशाच ढासळताना पाहून १९०० साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्‌सने समिती नेमली होती. तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली आहे: सगळी टॅनिनं सारखी नसतात. काही झाडांच्या सालीने कमावलेलं चामडं लवकर भुगा होतं, काहींचं तग धरतं. तग धरणाऱ्यांत आपला हिरडा येतो.

तुटलेले तंतू पुन्हा जोडता येत नाहीत. कुठलं तेल, कुठलं मलम, कुठलाही उस्ताद हे करू शकत नाही. फार तर भुकटीला जागच्या जागी बांधून ठेवता येतं. त्यासाठी सेल्युलोजपासून बनवलेलं एक सौम्य द्रव्य अल्कोहोलमध्ये पातळ विरघळवून ब्रशने लावतात. पाण्यात का नाही? कारण रेड रॉट लागलेल्या चामड्याला पाणी लागलं की ते काळंठिक्कर पडतं आणि कडक होऊन मोडतं. ओल्या बोटाचा एक ठसासुद्धा तिथे कायमचा राहू शकतो.

म्हणून जाणकार माणूस टोपी हातात आली की आधी आत बघतो. बाहेरचा गरुड कुठे पळून जात नाही.

पितळेची भानगड

चामडं मऊ राहावं म्हणून त्यात चरबी, तेल मुरवलेलं असतं. ते पितळेतल्या तांब्याला भेटतं आणि पत्र्याच्या कडेने हिरवा, मेणचट थर जमतो. पत्र्याखाली, बिल्ल्यामागे, पुढच्या झालरीच्या पितळी पट्टीच्या आत तो दडून बसतो. तो लाकडी काडीने, थोडं स्पिरिट लावलेल्या कापसाच्या बोळ्याने, कणाकणाने काढतात. रोगणाला स्पिरिट लागता कामा नये, कारण काही रोगणं त्यात विरघळतात. म्हणून हे काम कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच ते व्हिडिओत दिसत नाही.

भांडी घासायची पावडर किंवा पॉलिश घेऊन बसणं हा सोपा मार्ग. त्याने दोन नुकसानं होतात. अधिकाऱ्याच्या टोपीवरचा पत्रा सोन्याच्या मुलाम्याचा असेल तर मुलामाच जातो, आणि तो परत येत नाही. दुसरं नुकसान लगेच दिसत नाही. टोकाची बैठक टोपीला दोन पायांच्या पितळी खिळ्यांनी धरलेली असते, पाय आतून वाकवलेले. वाकवलेल्या पितळेत ताण असतो आणि अमोनिया मिसळलेल्या पॉलिशने अशा पितळेला आतून भेगा पडू शकतात. हा धडा मुळात हिंदुस्थानात मिळाला. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्याजवळ साठवली की आपोआप तडकत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि पावसाळी ओल यांचा तो प्रताप होता, हे मागाहून उलगडलं.

याच कारणाने खिळे उगीच काढायचे नसतात. एकदा वाकवलेला पाय सरळ केला आणि पुन्हा वाकवला की तो निम्मा मेला. तिसऱ्यांदा तुटतो. "सगळं सुटं करून स्वच्छ करू" हा उत्साह इथे आवरावा लागतो.

हातानं म्हणजे नेमकं काय करतात

समजा टोपी डाव्या बाजूला चेपलेली आहे आणि पुढची झालर अर्धी उसवली आहे. रेड रॉट नाही, एवढं नशीब.

कामाची सुरुवात फोटोंनी होते. सगळ्या बाजूंनी, आतूनही. मागच्या, मानेवर येणाऱ्या झालरीच्या आत बहुतेकदा शिक्के असतात: वर्ष, पलटण, भांडार, माप. ते फिकट असतात आणि एका ओल्या फडक्याने पुसले जातात. ती टोपी कोणाची, कुठली, कधीची याचा पुरावा बऱ्याचदा तेवढाच असतो.

आकार द्यायला टोपी पाण्यात बुडवत नाहीत. बंद डब्यात ओलसर हवेत ठेवतात, पाण्याचा थेंब चामड्याला लागू न देता. काही तासांनी, कधी दिवसांनी, चामडं किंचित ऐकू लागतं. मग आत आम्ल नसलेल्या कागदाचे लहान बोळे भरतात, थोडं थोडं. पुन्हा ओलसर हवा, पुन्हा एखादा बोळा. एका दमात फुगवायला गेलं तर रोगणाचे पापुद्रे उडतात, आणि ते टेबलावर पडलेले पाहणं फार वाईट. चेप ऐंशी टक्के निघाला की बरेच अनुभवी लोक थांबतात. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी आहे तेही घालवायचा धोका असतो.

मग शिवण. इथे चांभाराची आरी हातात येते, पण भोक पाडायला नाही, जुनं भोक शोधायला. जुन्या शिवणीची भोकं मळाने, मेणाने, कुजलेल्या दोऱ्याने बुजलेली असतात. बोथट टोकाने एकेक मोकळं करायचं. मेण लावलेला तागाचा दोरा घेऊन त्याच्या दोन्ही टोकांना सुई ओवायची आणि एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी सुया काढायच्या. जोडे शिवणाऱ्या कोणत्याही कारागिराला हा टाका माहीत आहे. फरक ओढीत आहे. नव्या चामड्यात टाका करकचून ओढतात, इथे दोरा फक्त टेकेपर्यंत. ओढ जराशी जास्त झाली की दोन भोकांमधलं चामडं तुटतं आणि दोन भोकांची एक चीर होते. मशीनवर हे जमत नाही, कारण मशीन स्वतःच्या अंतराने नवी भोकं पाडतं आणि शंभर वर्षांच्या कडेला ती सोसत नाहीत.

कड अगदीच जीर्ण असेल तर आतल्या बाजूने जपानी कागदाचा पातळ अस्तर-पट्टा लावून तिला आधार देतात. बाहेरून तो दिसत नाही. टोपी हातात घेऊन आत बघणाऱ्याला दिसतो, आणि दिसायलाच हवा.

शेवटी रोगण. जिथे ते पूर्ण गेलं आहे तिथेच काळा रंग मिसळलेल्या लाखेचा पातळ हात देतात. लाख, म्हणजे आपल्याकडच्या कुसुम-पळसाच्या झाडांवरच्या किड्याची. पुष्कळ कारागीर तिला पसंती देतात, कारण ती उद्या स्पिरिटने काढता येते. अर्थात मूळ थरही लाखेचा निघाला तर तोही विरघळू शकतो. म्हणून आधी कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी पारखून पाहतात.

नमद्याच्या टोप्यांबद्दल एवढंच सांगतो की तिथे शत्रू कसर आहे, आणि वर सांगितलेलं निम्मं ज्ञान निरुपयोगी.

"पण चामड्याला तेल तर हवंच ना?"

हा प्रश्न हमखास येतो. घोड्याच्या खोगिराला, रोजच्या चपलेला तेल हवं, कारण ते चामडं रोज वाकतं. काचेच्या कपाटातली टोपी वाकत नाही. तेलाने ती तात्पुरती काळीभोर आणि तुकतुकीत दिसते. मग ते तेल धूळ धरतं, चिकट होतं, कधी पृष्ठभागावर पांढरट बुरा आणतं आणि पितळेला हिरवा थर जमवायला आणखी माल पुरवतं. रेड रॉटवर तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

जाणते लोकही एकेकाळी तेल लावत होते. लॅनोलिन, देवदाराच्या जातीचं तेल आणि मधमाशीचं मेण यांचं मिश्रण ब्रिटिश म्युझियमच्या नावाने प्रसिद्ध होतं आणि जगभरच्या ग्रंथालयांनी ते चोळलं. आता ते बहुतेकांनी सोडून दिलं आहे. तेव्हा आजोबांच्या काळचा नुस्खा चुकीचा ठरला म्हणून कुणी वाईट वाटून घेऊ नये.

"नवी झालर बसवली तर ती टोपी खोटी नाही का झाली?"

ही शंका रास्त आहे आणि तिचं एका शब्दात उत्तर नाही. हरवलेली झालर नव्या चामड्याची, लाकडी साच्यावर वळवून बनवता येते. अधिकाऱ्याच्या टोपीची असेल तर खालची बाजू हिरवी रंगवायची, मागच्या झालरीची लाल. हे सगळं उघडपणे केलं, आतल्या बाजूला वर्ष आणि करणाऱ्याची खूण ठोकली आणि विकताना कागदावर लिहून दिलं, तर ती डागडुजी. हेच लपवलं तर ती लबाडी. हातातलं कसब दोन्हीकडे सारखंच.

लबाडी ओळखायची एक जागा सांगतो. साध्या शिपायाच्या टोपीत पुढच्या पत्र्यामागे दोन कड्या असतात. त्या चामड्यातल्या दोन भोकांतून आत येतात आणि त्यांत चामड्याची पाचर ठोकलेली असते. अधिकाऱ्याच्या पत्र्याला आटे आणि चाकी. राज्य बदललं, नमुना बदलला की भोकांची जागा बदलते. आता प्रशियाचा गरुड लावलेल्या टोपीत पत्र्याखाली आणखी दोन भोकं बुजवलेली सापडली, तर आधी तिथे दुसरंच काही होतं. साधा पत्रा काढून दुर्मीळ पलटणीचा लावला की किंमत वाढते, म्हणून असली लग्नं बाजारात खूप लागतात. आणि म्हणूनच ती "विद्रूप" भोकं बुजवून वर रोगण फिरवणारा सफाईदार कारागीर हा संग्राहकाचा सगळ्यात मोठा वैरी ठरतो. त्याच्या मनात लबाडी नसली तरीसुद्धा.

व्हिडिओतल्या चकचकीत टोपीचं नेमकं हेच होतं. शिक्के पुसले जातात, भेगांची जाळी नव्या रंगाखाली जाते, भोकं बुजतात. टोपी राहते, पण तिला विचारता येण्यासारखं काही उरत नाही.

"लढाईच्या वस्तूचे एवढे लाड कशाला?"

काहींना हा छंदच खटकतो, आणि जर्मन फौज म्हटलं की मनात लगेच हिटलर येतो. ही टोपी त्याच्या आधीची, कैसरच्या काळातली. नाझी चिन्हं मिरवायला जर्मनीत कायद्याने बंदी आहे. प्रशियाच्या गरुडाची ती गोष्ट नाही, आणि या टोप्या जर्मन संग्रहालयांत उघड मांडलेल्या असतात. तरीही त्या टोकाची मिजास जगाने सोसली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कोंदट पेटीत भुगा होऊन गेलेली टोपी त्या मिजाशीबद्दल काहीच सांगू शकत नाही. युद्धकाळातली लगद्याची टोपी हातात घ्या आणि १८४२ च्या उंच, डौलदार टोपीचं चित्र शेजारी ठेवा. साम्राज्याची हवा कशी गेली ते समजायला वेगळं भाषण लागत नाही.

आपल्या घरात पिकेलहाउबे नाही, मग?

ढाल असू शकते. म्हशीच्या किंवा गेंड्याच्या कातड्याची, वर रोगण, मध्ये पितळी फुलं. जुन्या वाड्यांत, देवघरांत, दसऱ्याला पूजेत अशा ढाली अजून आहेत. चामडं, रोगण, पितळ यांची भांडणं तिथेही अशीच असतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खोबरेल आणि भांड्यांची पावडर घेऊन तिच्यावर तुटून पडण्याची पद्धतही सर्रास आहे.

तसं करू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. पितळ काळपट असेल तर असू द्या. कुंकू-हळद ढालीवर न लावता समोर पानावर वाहा. मोठी पडझड असेल तर घरी प्रयोग न करता विचारावं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचं स्वतंत्र केंद्र आहे. ओलावा साधारण ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर असला तर चामडं सुखी असतं, पण कोकणात जुलैमध्ये ते कुणाच्याच हातात नाही. निदान प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत ओल कोंडते आणि आठवड्यात बुरशी धरते. धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळा, ढालीच्या खोलगट बाजूखाली कागदाचे बोळे द्या म्हणजे ती स्वतःच्या वजनाने बसणार नाही, आणि पाणी झिरपणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघितलं की पुरे.